उणे सत्तावन्न

भाचीच्या वहीत उत्तर बरोबर आलं होतं. आम्ल आणि आम्लारी एकत्र केल्यावर एका मोलमागे, म्हणजे कणांच्या एका ठराविक संख्येमागे, किती उष्णता, असा प्रश्न होता. सगळ्या पायऱ्या नीट मांडून तिनं शेवटी ‘उणे ५७ किलोज्यूल’ लिहिलं, क्षणभर त्याकडे रोखून बघितलं आणि खोडरबर घेऊन ते उणे चिन्ह तेवढं पुसून टाकलं. आकडा राहिला, चिन्ह गेलं. “का गं पुसलंस?” असं विचारलं तर म्हणाली, “मावशी, तापमान वाढलंय ना? मग उणे कसं येईल?” मी पुस्तकातलं उत्तर दिलं. अभिक्रियेत भाग घेणाऱ्या पदार्थांची ऊर्जा कमी झाली म्हणून उणे, आणि तीच ऊर्जा भोवतालच्या पाण्याला मिळाली म्हणून पारा वर. तिनं मान डोलावली. मोठ्यांनी आता थांबावं असं वाटलं की मुलं जशी डोलावतात, तशी. चिन्ह पुन्हा लिहिलं गेलं आणि वही मिटली.

मला मात्र ते चिन्ह सोडेना. तिची शंका रास्त होती. हाताला गरम लागतंय आणि कागद म्हणतोय उणे. दोघंही खरं बोलतायत, फक्त दोघं वेगवेगळ्या बाजूला उभे आहेत, आणि आपण मुलांना कुठे उभं राहून बघायचं हे न सांगताच बेरीज-वजाबाकी करायला लावतो.

आम्ही शिकलो तेव्हा हे दोन विषय एकमेकांपासून चांगले लांब होते. एका धड्यात वजनं. इतक्या ग्रॅम चुनखडीपासून किती ग्रॅम चुना, इतक्या हायड्रोजनला किती ऑक्सिजन. ती गणितं मला मनापासून आवडायची, कारण ती मिटायची. चार ग्रॅम हायड्रोजन, बत्तीस ग्रॅम ऑक्सिजन, छत्तीस ग्रॅम पाणी. डावीकडची बेरीज उजवीकडे तंतोतंत उतरली की पोटात कसं शांत वाटायचं. दुसऱ्या कुठल्यातरी धड्यात उष्णता. तिथे गणित नव्हतंच. समीकरणाच्या शेपटाला ‘अधिक उष्णता’ एवढे दोन शब्द चिकटवलेले असायचे. ग्रॅमच्या त्या काटेकोर मांडणीत आकडा नसलेला असा एकच शब्द, आणि तो मोजायचा कशात हे कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचंही नाही.

उष्णतेची आठवण म्हणून जे काही शिल्लक आहे ते हाताच्या तळव्यात आहे. सोडियम हायड्रॉक्साइडच्या पांढऱ्या चकत्या पाण्यात टाकल्यावर चंचुपात्राचा तळ अचानक तापायचा. बाईंनी “बोट लावू नका” असं म्हटलेलं असायचं, पण काचेला बाहेरून हात लावायला कोण अडवणार! नवसागर विरघळवला की उलट परीक्षानळी गार पडायची, इतकी की दमट दिवसांत बाहेरून बारीक दव धरायचं. प्रयोगशाळेतला गॅसचा मंद वास, ओल्या लाकडी टेबलाचा वास, आणि मुठीत ती गार नळी. वहीत निरीक्षण म्हणून ‘उष्माग्राही’ असं लिहिलं की काम संपलं. किती नवसागर, किती पाणी, किती अंश, यांचं एकमेकांशी काय नातं, हे कुणाच्या डोक्यातही यायचं नाही. गरम आणि गार हे जणू पदार्थांचे स्वभाव होते. एखादा माणूस तापट असतो, एखादा थंड, तसे.

ते स्वभाव नाहीत, ते आकडे आहेत, हे मला खूप उशिरा उमगलं. आणि उमगलं ते भाचीच्याच गणितासारख्या एका साध्या गणितातून.

एक मोलर, म्हणजे लिटरमागे एक मोल असलेलं, हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मिलिलिटर आणि तेवढंच, तितक्याच तीव्रतेचं सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण. दोन्हींत विद्राव्याचे ०.०५ मोल. एका मोलला साधारण ५७ किलोज्यूल, म्हणजे इथे २,८५० ज्यूल. एकूण द्रावण सुमारे १०० ग्रॅम, आणि एक ग्रॅम पाणी एक अंशानं तापवायला ४.१८ ज्यूल लागतात. भागाकार केला की येतात ६.८ अंश. थर्माकोलच्या पेल्यात करून बघितलं तर पारा याच्या थोडा खाली थांबतो, कारण पेला, तापमापी आणि वरची हवा आपापला वाटा काढून घेतात. काचेच्या पात्रात केलं तर आणखी खाली. इथवर ठीक. आता दोन्ही द्रावणं दुप्पट घ्या, शंभर आणि शंभर. किती अंश वाढेल? हा प्रश्न मी अनेकांना विचारलाय, चांगल्या शिकलेल्या माणसांनासुद्धा, आणि बहुतेकांच्या तोंडून पटकन “दुप्पट” निघतं. अभिक्रिया दुप्पट, उष्णता दुप्पट, मग तापमानही दुप्पट, असं वाटणं साहजिक आहे. पण तापवायचं पाणीही दुप्पट झालेलं असतं. ५,७०० ज्यूल, २०० ग्रॅम, पुन्हा तेच ६.८ अंश.

पारा जागचा हलत नाही.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला थोडा धक्काच बसला होता. म्हणजे तापमापी उष्णता दाखवतच नाही. उष्णता किती जणांत वाटली गेली आणि एकेकाच्या वाट्याला किती आली, ते ती दाखवते. एकूण किती, हे कळायला तिच्या शेजारी तराजू ठेवावाच लागतो. एकट्या तराजूला गरम-गार कळत नाही आणि एकट्या तापमापीला कमी-जास्त कळत नाही. दोन धडे वेगळे ठेवून आम्हाला प्रत्येकी अर्धं अर्धं यंत्र दिलं होतं.

या दोन्हींना जोडणारा सांधा म्हणजे ‘एका मोलमागे’ हे दोन शब्द. मोल म्हणजे ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके कण. २० मे २०१९ पासून हा आकडा व्याख्येनंच पक्का केलाय, त्यात आता मोजमापाची चूक शिल्लक नाही. गंमत अशी की ‘मोल’ ही कल्पना रूढ करणारे रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ऑस्टवाल्ड स्वतः अणूंच्या अस्तित्वावर फार काळ विश्वास ठेवत नव्हते. १९०९ च्या सुमारास, ज्याँ पेरँ यांचे अणूंचं अस्तित्व दाखवणारे प्रयोग आले तेव्हा कुठे त्यांनी मान्य केलं. मोजणीचं माप ज्यानं हाती दिलं त्यालाच मोजायची वस्तू खरी वाटत नव्हती! पण हिशेब तरी चालत होता, कारण हिशेबाला फक्त प्रमाण लागतं.

प्रमाण शिकवताना सगळीकडे सायकलींचं उदाहरण देतात. दहा चाकं आणि चार सांगाडे असतील तर चार सायकली होतील, दोन चाकं उरतील. सांगाडे आधी संपले म्हणून तेच मर्यादा घालणारे. उदाहरण समजायला सोपं आहे, मीही ते वापरलंय. पण त्यात एक मोठी उणीव आहे. सायकल जोडून झाली की ती तापत नाही. उरलेली दोन चाकं कोपऱ्यात गुपचूप पडून राहतात, तयार सायकलींना त्यांचा काही उपद्रव नसतो. रसायनात असं होत नाही. तेच ५० मिलिलिटर आम्ल घ्या आणि त्यात आम्लारीचं द्रावण ५० ऐवजी १०० घाला. आम्ल संपलं की अभिक्रिया थांबली. उष्णता तीच, २,८५० ज्यूल. पण आता तापवायला १५० ग्रॅम द्रावण आहे, त्यामुळे पारा साडेचार अंशांवरच अडतो. जे उरलं ते काही न करता उष्णतेत वाटेकरी झालं. जास्त घातल्यानं जास्त होतं, ही आपली पक्की समजूत इथे उघडी पडते.

आता ते उणे. त्याच्याकडे वळायचं तर आधी एका फार चिवट समजुतीशी दोन हात करावे लागतात. ती म्हणजे ‘बंधांत ऊर्जा साठवलेली असते आणि बंध तुटला की ती बाहेर पडते’. इंधनाबद्दल असं बोलतात, पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी या रेणूबद्दल तर हमखास बोलतात, ‘उच्च ऊर्जेचा बंध’ वगैरे. ऐकायला पटतं. ताणलेला दोर तुटला की फटका बसतो असं चित्र मनात असतं. पण रासायनिक बंध तोडायला नेहमी ऊर्जा द्यावीच लागते, एकही अपवाद नाही. ऊर्जा मिळते ती नवा बंध जुळताना. हायड्रोजनच्या एका मोलमधले बंध तोडायला ४३६ किलोज्यूल, ऑक्सिजनच्या एका मोलला ४९८. दोन मोल हायड्रोजन आणि एक मोल ऑक्सिजन सुटे करायचे तर १,३७० किलोज्यूलचा खर्च आधी. मग पाण्याचे चार मोल बंध जुळतात, प्रत्येकी साधारण ४६३, मिळून १,८५२. फरक ४८२. पाण्याच्या वाफेच्या एका मोलमागे २४१. त्या वाफेचं पाणी झालं की आणखी ४४ मिळून साधारण २८६ होतात. आगीचा लोळ म्हणून जे दिसतं ते एवढ्या मोठ्या देवघेवीतली शिल्लक आहे, आणि सुरुवातीचा तो खर्च करायलाच ठिणगी लागते. ठिणगी नसेल तर हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकाच फुग्यात वर्षानुवर्षं शेजारी शेजारी राहू शकतात.

या शिल्लकेला आपण उणे लिहितो, कारण जमाखर्चाची वही पदार्थांची आहे, आपली नाही. पाणी झालेल्या अणूंकडे आता पूर्वीपेक्षा कमी ऊर्जा आहे. आपल्याला ऊब मिळाली, ती त्यांच्या खात्यातून. नवसागराच्या गार नळीत नेमकं उलट. तिथे पाणी आणि माझी मूठ दोन्ही देणारे, म्हणून चिन्ह अधिक, एका मोलमागे सुमारे १५ किलोज्यूल. बेरियम हायड्रॉक्साइडचे स्फटिक आणि अमोनियम क्लोराइड (म्हणजे तोच नवसागर), दोन्ही कोरडे, एका चंबूत घालून ढवळले तर अमोनियाचा नाकात झोंबणारा वास येतो, मिश्रण पातळ होतं, आणि चंबूखाली ओली लाकडी फळी असेल तर तिच्यावरचं पाणी गोठून फळी चंबूला चिकटते, चंबू उचलला की तीही वर येते. एकोणिसाव्या शतकात मार्सेलिन बर्थेलो यांचं म्हणणं होतं की अभिक्रिया आपोआप घडते ती उष्णता बाहेर पडण्याच्या दिशेनं. ही लोंबकळणारी फळी त्या म्हणण्याला पुरून उरते. उष्णता शोषूनही ही अभिक्रिया का घडते हा वेगळा धडा, एन्ट्रॉपीचा, म्हणजे कण आणि ऊर्जा किती विखुरतात त्याच्या मापाचा, आणि तो इथे नको.

उष्णता मोजायची कशी, या प्रश्नाचं मला सर्वांत आवडणारं उत्तर १७८२-८३ च्या हिवाळ्यातलं आहे. लाव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी बर्फाचं एक भांडं केलं. आत अभिक्रिया, भोवती बर्फ, त्याच्याही बाहेर बर्फाचं आणखी एक आवरण, म्हणजे बाहेरची ऊब आत शिरायला नको. आतल्या उष्णतेनं जेवढा बर्फ वितळेल तेवढं पाणी खालच्या नळीतून गोळा करायचं आणि चक्क तोलायचं. उष्णतेचं मोजमाप तराजूवर! एक ग्रॅम बर्फ वितळायला ३३४ ज्यूल लागतात, तेव्हा आपल्या त्या पेल्यातल्या २,८५० ज्यूलचं वजन झालं साडेआठ ग्रॅम पाणी. त्यांनी आत गिनीपिगही ठेवला, आणि त्याच्या उच्छ्वासातला वायू व वितळलेला बर्फ यांची तुलना जळत्या कोळशाशी करून श्वसन म्हणजे संथ ज्वलन आहे असं मांडलं. वस्तुमान कधी हरवत नाही हे जगाला पटवून देणारा माणूस म्हणजे लाव्हाझिए. त्यानं १७८९ साली मूलद्रव्यांची यादी केली तेव्हा उष्णतेलाही त्यात एक जागा दिली, वजन नसलेलं एक मूलद्रव्य म्हणून. आज ते चूक ठरलंय. तरी मला त्यात एक प्रामाणिकपणा दिसतो. समीकरणाच्या शेपटाला शब्द चिकटवून मोकळं होण्यापेक्षा त्यानं तिला यादीत नाव लावून बसवलं. पाच वर्षांनी, ८ मे १७९४ ला, त्याचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला.

(वजन अगदीच नसतं असंही नाही. छत्तीस ग्रॅम पाणी तयार होताना जी ५७२ किलोज्यूल ऊर्जा निघून जाते, तिचं वस्तुमान आइन्स्टाइनच्या सूत्रानं काढलं तर ग्रॅमचे सुमारे सहा अब्जांश भरतं. शाळेतल्याच काय, कुठल्याही रसायनशाळेतल्या तराजूला ते पकडता यायचं नाही. माझी लहानपणीची बेरीज तेवढ्यानं चुकलेली होती, आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटत नाही.)

उष्णतेलाही ग्रॅमसारखाच चोख हिशेब आहे, हे दाखवलं जर्मेन हेस यांनी १८४० साली सेंट पीटर्सबर्गमध्ये. सुरुवात तीच आणि शेवट तोच असेल, तर मधे कितीही पायऱ्या घाला, एकूण उष्णता बदलत नाही. ऊर्जेच्या अक्षय्यतेची चर्चा मायर आणि ज्यूल यांनी सुरू केली ती याच्या दोन-तीन वर्षं नंतर. या नियमामुळे जे कुणाला थेट मोजता येत नाही तेही काढता येतं. कार्बन अर्धवट जाळून फक्त कार्बन मोनॉक्साइडच करायचा म्हटलं तर जमत नाही, थोडा डायऑक्साइड होतोच. पण पूर्ण ज्वलनाचे ३९३.५ किलोज्यूल मोजता येतात, मोनॉक्साइडच्या ज्वलनाचे २८३ मोजता येतात. वजाबाकी केली की मधल्या पायरीचे ११०.५ घरबसल्या हातात.

हे सगळं एकत्र बघायचं असेल तर चुन्याइतकी चांगली वस्तू दुसरी नाही. शंभर ग्रॅम चुनखडी भट्टीत तापवली की ५६ ग्रॅम कळीचा चुना आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, आणि त्यासाठी १७८ किलोज्यूल द्यावे लागतात. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो आधी काही क्षण नुसता पाणी पितो, मग चरचरतो, तडे जातात, खडे फुगून फुटतात, वाफ उठते आणि ओल्या दगडी धुळीसारखा एक वास येतो. ५६ ग्रॅम चुना आणि १८ ग्रॅम पाणी मिळून ७४ ग्रॅम विरलेला चुना, आणि बाहेर पडतात ६५ किलोज्यूल. पाव लिटर पाणी ६२ अंशांनी तापेल एवढे. मग तो चुना भिंतीवर चढतो आणि हवेतला ४४ ग्रॅम डायऑक्साइड हळूहळू ओढून घेत पुन्हा १०० ग्रॅम चुनखडी होतो, १८ ग्रॅम पाणी सोडून देतो. ग्रॅमचं वर्तुळ मिटलं. आणि उष्णतेचं? या शेवटच्या पायरीत ११३ किलोज्यूल बाहेर पडतात. ६५ आणि ११३, बेरीज १७८. भट्टीनं जेवढं दिलं तेवढं सगळं परत. चरचर आणि वाफ यांच्या पायरीत खरं तर थोडं मिळतं, मोठा वाटा भिंतीकडून येतो, पण तो इतक्या दिवसांत विखुरलेला असतो की भिंतीला गाल लावला तरी कुणाला ऊब कळणार नाही. किती आणि किती वेगानं, या दोन गोष्टी हात कायम एकच समजतो.

माझ्या हातात असतं तर मी मर्यादा घालणाऱ्या अभिक्रियाकारकाचा धडा सायकलींऐवजी तापमापीवरच शिकवला असता. डोळ्यांवर चष्मा, शेजारी बाई किंवा सर, आणि तीच दोन एक मोलर द्रावणं. एकूण नेहमी १०० मिलिलिटर ठेवायचं, फक्त वाटणी बदलायची. आम्ल १० आणि आम्लारी ९० घेतलं तर पारा जेमतेम १.४ अंश चढतो. २० आणि ८० ला २.७, ३० आणि ७० ला ४.१, ४० आणि ६० ला ५.५. पन्नास-पन्नासला ६.८, आणि तिथून पुढे आम्ल वाढवत नेलं की त्याच पायऱ्यांनी खाली. आलेखावर दोन सरळ रेषा एका टोकाला भेटतात. चढत्या रेषेवर आम्ल आधी संपतंय, उतरत्या रेषेवर आम्लारी, आणि टोकावर दोघंही एकदमच. प्रत्यक्षात ठिपके थोडे खाली-वर पडतील, टोक जरा बोथट दिसेल, पण ते कुठे आहे याबद्दल शंका राहत नाही. मग हायड्रोक्लोरिकच्या जागी तेवढ्याच तीव्रतेचं सल्फ्युरिक आम्ल घ्यायचं आणि सगळं पुन्हा करायचं. आता टोक पन्नासवर येत नाही. ते आणखी वर चढतं आणि बाजूला सरकतं, आम्ल सुमारे ३३ आणि आम्लारी सुमारे ६७. समीकरण जुळवताना सोडियम हायड्रॉक्साइडच्या आधी जो २ लिहायचा, तो या आलेखावर सरळ वाचता येतो, आणि त्यासाठी तराजू कपाटातून काढावाही लागत नाही.